पहाटे चार दहाचं भाषण

औलिस: चारच ओळी आहेत गं, सिर्का. नाही म्हणायच्या आधी नीट ऐकून तर घे.

सिर्का: तिसऱ्यांदा ऐकतेय. एकदा सभागृहात बोललास तेव्हा, एकदा ध्वनिफीत कानाला लावून नोंदीसाठी टाइप करताना, आणि आता ही तिसरी खेप. आधी बस. खुर्चीवरचे कागद खाली ठेव. कालचे आहेत ते. की परवाचे, कोण जाणे.

औलिस: बसलो तर झोप लागेल.

सिर्का: लागू दे. चार दिवसांत या इमारतीत कोण कोण झोपलं याची यादी केली तर वक्त्यांच्या यादीपेक्षा लांब होईल. कॉफी घे. कडू आहे, पहाटेपासून गरम होतेय.

औलिस: कडूच बरी. वाजले किती?

सिर्का: आठ वीस. तुमच्या पक्षाचा एक जण बोलतोय. पोलादाचे भाव. परवाही त्यानं हेच वाचले होते. आज शेवटच्या पानापासून सुरुवात केलीय, तेवढाच बदल.

औलिस: आणि माझा नंबर?

सिर्का: एकतिसावा. म्हणजे साडेदहाच्या पुढेमागे. यावेळी काय ऐकवणार आहेस?

औलिस: पक्षानं कागद दिलेत. लाकडाची निर्यात, ऐंशी सालापासून, दर वर्षाची.

सिर्का: हेच कागद पहाटेही हातात होते ना?

औलिस: होते.

सिर्का: मग तेच का नाही वाचलेस? आपण दोघंही आत्ता घरी असतो.

औलिस: माझ्या आधी आमच्याच पक्षाचा पेत्री बोलला ना. ऐकलंस ना त्याला? म्हणाला, कायानी गावातल्या त्या बेकरीवाल्याची आठवण ठेवा, ज्याच्या भोळेपणाचा फायदा घेऊन तो ठग रातोरात स्वीडनला पळाला. स्वीडनला. मी त्याच्या मागच्याच बाकावर बसलो होतो. मागे वळून त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. जणू माझ्यावर उपकार केले.

सिर्का: स्वीडन नवीन होतं, हे मान्य आहे. पण या चार दिवसांत तुझ्या भावाची बेकरी मी अकरा वेळा टाइप केली, औलिस. तू पाच वेळा सांगितलीस, उरलेल्या सहा वेळा तुझ्या पक्षातल्या लोकांनी. एकीच्या भाषणात बेकरीला आग लागली. एकाच्या भाषणात तुझ्या भावानं पोटासाठी कुत्रा विकला.

औलिस: त्याच्याकडे कुत्रा नव्हताच कधी.

सिर्का: मला काय माहीत. मी आपली लिहीत गेले. तुम्ही म्हणता, सत्तावीस देशांनी मिळून कर्ज काढायचं म्हणजे शेजाऱ्याच्या कागदावर आपली सही, आणि सही केली की काय होतं ते त्या बेकरीवाल्याला विचारा. समोरचे म्हणतात, महामारी आहे, एकदाच, फक्त एकदाच. मग तुम्ही म्हणता, साडेसहा अब्ज द्यायचे आणि परत येणार तीनच्या आत. ते म्हणतात, शेजाऱ्याचं घर जळतंय. तुम्ही म्हणता, चूल त्यानंच उघडी ठेवली होती. मला दोन्ही बाजू पाठ झाल्यात. तुम्ही सगळे घरी गेलात तरी चर्चा मी एकटी चालवू शकेन.

औलिस: दोन तृतीयांश मतं लागणार आहेत म्हणून हे सगळं बोलून वेळ काढणं. नाहीतर केव्हाच निकाल लागला असता. वाच बरं ते. नक्की काय बोललो ते मला धड आठवत नाही.

सिर्का: आठवत नाही?

औलिस: आठवतं. पण वाच.

सिर्का: "माननीय सभापती, बेकरीची गोष्ट या सभागृहानं पुष्कळदा ऐकली आहे. माझा भाऊ दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला आणि मंदीत त्याची बेकरी गेली, हे खरं आहे. एका सोमवारी तिला कुलूप लागलं. पण ज्याचं कर्ज होतं तो स्वीडनला गेला नाही. ज्याला मी इतकी वर्षं लबाड म्हणत आलो तो मीच आहे. कर्ज माझं होतं. भावाची भट्टी गेली आणि मला ही खुर्ची मिळाली. धन्यवाद." एवढंच. त्यानंतर सभापतींनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

औलिस: सभागृहात कोण काय म्हणालं?

सिर्का: कुणी काही नाही. मधे कुणी ओरडलं तर आम्ही ते कंसात लिहितो. सगळे गप्प बसले तर लिहायची पद्धत नाही.

औलिस: सात-आठ जण होते आत. त्यातले दोन पेंगत होते.

सिर्का: तीन.

औलिस: मग काढून टाक ना गं. कुणी ऐकलंच नाही ते कागदावर कशाला? सत्तरी आली माझी. चार दिवसांत आठ तास झोपलोय. झोपेत बरळलो असं समज.

सिर्का: झोपेत बोललेलं वगळायचं ठरलं तर या चार दिवसांची अख्खी नोंद एका पाकिटात मावेल. नियम अठरा वर्षं ऐकतोयस, आणखी एकदा ऐक. नोंद शब्दाला शब्द. वक्त्याला दुपारी बारापर्यंत मुभा असते. जीभ घसरली असेल, वाक्य अर्धवट असेल, आकडा किंवा वार चुकला असेल, तर नीट करता येतं. बोललो ते बोललोच नाही, असं करता येत नाही.

औलिस: यान्नेलाही हेच सांगशील?

सिर्का: कोण यान्ने?

औलिस: आमचा सचिव. मागोमाग येतोच म्हणाला होता. बघ, आलाच.

यान्ने: सुप्रभात. औलिस, मी तुला अख्ख्या इमारतीत शोधतोय. झालं का काम?

औलिस: नाही. ती नाही म्हणतेय.

यान्ने: बाई, मी संसदीय गटाचा सचिव. प्रकरण अगदी साधं आहे. थकलेला माणूस, पहाटेची वेळ, तोंडातून भलतंच गेलं. "तो मीच आहे" याच्या जागी "तो माझ्या ओळखीचा होता" करा. एका वाक्याचा प्रश्न आहे.

सिर्का: मास्क नाकावर घ्या आधी.

यान्ने: घेतला. आता करता का?

सिर्का: नाही.

यान्ने: चित्रफितीची काळजी करू नका. पहाटे चार दहाला थेट प्रक्षेपण किती जण बघत होते ते मी पाहिलंय. एकोणीस. त्यातले निम्मे आपले कर्मचारी. चित्रफितीत कुणी शोधायला जात नाही, लोक नोंद शोधतात. पाच वर्षांनी हीच नोंद उरेल, म्हणून म्हणतोय.

सिर्का: म्हणूनच ती जशी आहे तशी ठेवायची.

यान्ने: औलिस, तूच सांग यांना. जूनमध्ये नगरपालिकांच्या निवडणुका आहेत. तुमच्या भागातल्या पोस्टरवर तू त्या बंद बेकरीसमोर उभा आहेस. खाली लिहिलंय, "जामीन राहण्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे." चार हजार प्रती छापून झाल्यात. आता त्यातला जामीन कोण आणि कर्जबुडवा कोण, हे लोकांना पोस्टरखाली उभं राहून मोजावं लागेल.

औलिस: कर्जबुडवा म्हणू नकोस.

यान्ने: मी नाही म्हणत, वर्तमानपत्रं म्हणतील. अरे, माझं वैयक्तिक काही नाही. ब्याण्णव साली मी शाळेत होतो. माझे वडीलही त्या मंदीत गेले, म्हणजे नोकरीतून गेले. मी तुझी गोष्ट ऐकूनच या पक्षात आलो, खोटं कशाला बोलू. पण मंगळवारच्या मतदानापर्यंत सगळे एका सुरात हवेत. आपण म्हणतोय की कर्ज घेणारे बेफिकीर आहेत. आणि आपलाच सर्वांत जुना सदस्य उठून म्हणतो, तो मी. मग बाकीच्यांनी काय बोलायचं?

औलिस: लाकडाची निर्यात.

यान्ने: गंमत नको करूस. बारा वाजेपर्यंत वेळ आहे ना? बारापर्यंत कर. नाही झालं तर गटाच्या बैठकीत मला सांगावं लागेल आणि पोस्टरवर दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा शोधावा लागेल. येतो मी, पोलादवाला संपत आला असेल.

सिर्का: दार ओढून घ्या. गेला. बरा आहे पोरगा, निदान खरं तरी बोलतो.

औलिस: त्याचं बरोबर आहे. पण मला पोस्टरचं काही नाही गं. तुला वाटत असेल खुर्चीसाठी आलोय. दोन वर्षांनी मी तसाही उभा राहणार नाही.

सिर्का: मग कशासाठी आलास?

औलिस: रेयोसाठी. भावाला शब्द दिला होता मी. आई होती तेव्हा. आईला वाटायचं, रेयोनं कुणा मित्रासाठी सही केली. तिला कळलं असतं तर तिचा एक मुलगा कमी झाला असता, असं रेयो म्हणाला. त्याला दोन्ही हवे होते, ती आणि मी. म्हणून ठरलं, कुणाला काही बोलायचं नाही. आई गेली, पण ठरलेलं तसंच राहिलं. त्याची बायको ऐरा, तिला तेवढं माहीत होतं. ती कधी एक अक्षर बोलली नाही. फक्त बेकरीच्या लिलावानंतर मी गेलो की मला कान तुटलेल्या कपात कॉफी द्यायची. पाहुण्यांचे कप कपाटात दिसायचे. सव्वीस वर्षं तोच कप. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा अंत्यविधीनंतरच्या जेवणात मी स्वतःच तो कप शोधून काढला.

सिर्का: कसलं होतं कर्ज?

औलिस: स्की आणि होड्यांच्या इंजिनांचं दुकान होतं माझं. बँकेचा माणूस म्हणाला, परकी चलनात घे, व्याज निम्मं. सगळेच घेत होते. मग मार्क, आपलं तेव्हाचं चलन, घसरला आणि कर्ज एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्यानं वाढलं. स्की कोण घेतंय त्या साली? रेयोनं सही करताना कागद वाचलाही नव्हता. हाताला पीठ होतं. म्हणाला, कुठे करू, इथे?

सिर्का: आणि पुढे तू ती गोष्ट सांगायला लागलास.

औलिस: पहिल्या प्रचारात कुणीतरी विचारलं, तुम्हाला काय कळतं मंदीतलं? म्हणून सांगितली. माझा भाग सोडून. लोक रडले. मग प्रत्येक ठिकाणी सांगावी लागली, आणि गोष्टीत कर्जदाराला काहीतरी म्हणावं तर लागतंच. लबाड म्हटलं की सभा जागी व्हायची. रेयो सगळं बघायचा. मी घरी गेलो की हवापाण्याचं बोलायचा.

सिर्का: मग पहाटेचंही बघितलं असेल.

औलिस: तीच तर भीती आहे. बेकरी जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण तो अजून तीनला उठतो. मळायला पीठ नाही तरी. रेडिओ नाहीतर आमचं सभागृह, काहीतरी लावून बसतो. चार वीसला त्याचा फोन येऊन गेलाय. मी उचलला नाही. काय सांगू, तुझ्या परवानगीशिवाय मोकळा झालो? त्याची एकच गोष्ट माझ्याकडे ठेवायला होती. तीही सांभाळली नाही. नोंदीतून गेलं तर निदान त्याला म्हणता येईल की पुसलंय, विसर.

सिर्का: थांब. तुला एक दाखवते. जूनअखेर निवृत्त होतेय म्हणून कप्पे आवरत होते. यातलं हे पाकीट परवाच हाताला लागलं होतं, तेव्हा नुसतं बाजूला ठेवलं. पहाटे चार दहानंतर पुन्हा काढलं.

औलिस: काय आहे हे?

सिर्का: तुझ्या पहिल्या वर्षातलं. सभागृहातल्या तुझ्या पहिल्याच भाषणानंतर दोन आठवड्यांनी आलेलं. अक्षर ओळखतोस?

औलिस: रेयोचं आहे. तू वाच. माझ्याच्यानं होणार नाही.

सिर्का: "आदरणीय नोंद कार्यालय. सदस्य औलिस मॅत्ता यांच्या भाषणात दोन चुका आहेत, त्या दुरुस्त व्हाव्यात ही विनंती. पहिली, बेकरी सोमवारी बंद झाली नाही, गुरुवारी झाली. सोमवारी आमची सुट्टी असे. दुसरी, ज्या माणसासाठी मी सही केली त्याला भाषणात लबाड म्हटलं आहे. तो लबाड नव्हता. त्याला बँकेनं चुकीचा सल्ला दिला आणि मार्क घसरला. तो शब्द काढता आला तर बरं होईल. त्याच्या घरच्यांनी वाचलं तर त्यांना वाईट वाटेल. आपला, रेयो मॅत्ता, बेकर." बेकर लिहून खोडलंय, आणि पुन्हा बेकरच लिहिलंय.

औलिस: त्याच्या घरच्यांना.

सिर्का: हो.

औलिस: मला कधी बोलला नाही.

सिर्का: मी त्याला उत्तर पाठवलं होतं. नोंदीत फक्त वक्ता दुरुस्ती करू शकतो, आणि तीही शब्दांची, अर्थाची नाही. दोन ओळींचं सरकारी पत्र. आठवड्यानं त्याचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "कळवल्याबद्दल आभार. नियम आहे तो आहे." तेव्हा मला वाटलं, किती विचित्र माणूस, ज्यानं बुडवलं त्याचीच बाजू घेतोय. त्याला मी नाही म्हणाले, औलिस. आता तुला हो कसं म्हणू?

औलिस: नको म्हणूस.

सिर्का: कॉफी गार झाली तुझी.

औलिस: असू दे. तीन दिवस मी सभागृहात दक्षिणेकडच्या देशांतल्या लोकांना काय काय म्हणालो गं? उडाणटप्पू म्हणालो?

सिर्का: दोनदा. एकदा "उन्हात लोळणारे".

औलिस: ती चर्चा मी ऐकत होतो, तर सगळे जामीन राहणाऱ्याच्या जागेवरून बोलत होते. आमचेही आणि त्यांचेही. कर्ज घेणारा कसा झोपतो, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी लाकडाचे आकडे घेऊन बसलो होतो.

सिर्का: मग मंगळवारी मत कुठल्या बाजूला?

औलिस: विरोधातच देईन बहुतेक. सहीनं काय होतं ते खोटं नाही. बेकरी गेलीच ना. पण पहिल्यांदाच नीट सांगता येत नाहीये. मंगळवारला अजून वेळ आहे.

सिर्का: आणि एकतिसावा नंबर?

औलिस: यादीवाल्यांना सांगतो, माझं नाव काढा. पक्षाला वीस मिनिटं कमी पडतील. पोलादवाला भरून काढेल.

सिर्का: तिसऱ्यांदा, मधल्या पानापासून.

औलिस: वाराची चूक दुरुस्त करता येते म्हणालीस ना?

सिर्का: वार, आकडा, नाव. हो.

औलिस: मग सोमवारचा गुरुवार कर. बाकी राहू दे.

सिर्का: लबाडसुद्धा?

औलिस: तो माझाच शब्द आहे. राहू दे.

सिर्का: गुरुवार. केला. इथे सही कर. वाचून कर.

औलिस: वाचतो. कुठे, इथे?

(त्याचा फोन वाजतो.)

सिर्का: तोच असेल. उचल. मी बाहेर जाऊ?

औलिस: नको. बस. हॅलो.

रेयो: औलिस? झोपेतून उठवलं का?

औलिस: नाही. जागाच आहे.

रेयो: चार वीसलाही केला होता. मग म्हटलं, तुमचं काम चालू असेल.

औलिस: ऐकलंस तू?

रेयो: ऐकलं ना. परत सोमवार म्हणालास.

औलिस: हो.

रेयो: गुरुवार होता रे. सोमवारी आपण भट्टी कधी पेटवली होती?

औलिस: गुरुवार केलाय. आत्ताच. इथल्या बाईंनी दुरुस्त केलं. बाकीचं मात्र तसंच आहे, रेयो. ते काढता येत नाही.

रेयो: अगदी सगळं तसंच?

औलिस: सगळं. मी विचारून पाहिलं.

रेयो: बरं. कप विसळत होतो, हातातच राहिला. काय म्हणालास, गुरुवार लिहिलंय?

औलिस: गुरुवार.

रेयो: मग आता बरोबर आहे.